‘अहो’चं ‘अरे’ होतं तेव्हा : झपाटलेल्या घरांचे सिनेमे समजून घेताना

२०२३ च्या फेब्रुवारीत ‘वश’ हा गुजराती सिनेमा लागला, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरून आम्ही पाच जण पाहायला गेलो होतो. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला गुजराती सिनेमा परका नसतो. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, असेच आम्ही मोठे झालो. गोष्ट साधी आहे. सुट्टीसाठी बाहेर पडलेलं एक कुटुंब असतं. वाटेत भेटलेला एक अनोळखी माणूस त्यांच्या तरुण मुलीला वश करतो आणि सरळ त्यांच्या घरात येऊन बसतो. आईबाप समोर उभे आहेत, पण मुलगी ऐकते ती त्याचं.

परतताना आई रिक्षात गप्प होती. न्यायमंदिरापाशी आल्यावर म्हणाली, “भूत तर कुठं दिसलंच नाही. मग माझ्या पोटात एवढं कशानं कालवत होतं?”

तिच्या या प्रश्नाचं उत्तर रिक्षात मला देता आलं नव्हतं. आता देते.

वरवर पाहिलं तर अशा भयपटात दोन गोष्टी असतात. एक घरगुती : नवराबायकोचं न पटणं, वयात आलेली मुलगी, गेलेल्या माणसाचं दुःख, वाटणीचा वाद. दुसरी अमानवी : कुणाच्या तरी अंगात काहीतरी शिरलंय. मग परीक्षणात लिहितात की दिग्दर्शकानं दोन्हींची छान सांगड घातली आहे. मला हा शब्द पटत नाही. चांगल्या सिनेमात सांगड घालावीच लागत नाही, कारण त्या दोन गोष्टी नसतातच. घरात जे बोलायची सोय नाही, ते बोलायला भूत एक तोंड शोधतं. म्हणून ते बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात कमी आवाजाच्या माणसाच्या अंगात येतं : लहान मुलगी, नवी सून, माहेरी परतलेली बहीण. कर्त्या पुरुषाच्या अंगात ते क्वचितच येतं. त्याचं म्हणणं घरात रोजच ऐकलं जातं.

या प्रकारचा ज्याला मूळपुरुष म्हणता येईल तो १९७३ चा ‘द एक्झॉर्सिस्ट’ याच नजरेनं पुन्हा पाहावा. तो म्हटला की लोकांना गरागरा फिरणारी मान आठवते. पण त्यातली घरातली गोष्ट सुरू कशी होते? आई नटी आहे, नवऱ्यापासून वेगळी झालेली. मुलीचा वाढदिवस आहे आणि बाप परदेशात. आई फोनवर त्याला गाठायचा प्रयत्न करते, फोन लागत नाही, ती चिडून ओरडते, आणि पलीकडे मुलगी ते सगळं ऐकत असते. पलंग गदागदा हलतो तो त्यानंतर. पुढे बराच वेळ सिनेमा दवाखान्यातच असतो. मानेत सुई घालून रक्तवाहिन्यांची तपासणी करतात तो प्रसंग मला आजही डोळे उघडे ठेवून पाहवत नाही, आणि त्यात सैतान औषधालाही नाही. एक आई आणि आजारी लेक, एवढंच आहे.

त्यातला तरुण पाद्रीही तसाच. तो स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहे. त्याची म्हातारी आई आजारी पडते, तिला इस्पितळात ठेवावं लागतं, आणि पुढे ती एकटीच मरते. सैतानाला त्याची हीच दुखरी नस सापडते. तो त्या आईचा आवाज काढतो आणि तू माझ्याशी असं का वागलास, म्हणून विचारतो. खोलीतलं सामान उडवणं ही त्याची ताकद दिसायला मोठी आहे. पण पाद्री खचतो तो या प्रश्नानं.

इथे थोडं तंत्राबद्दल. भयपटात दचकणं आणि धास्तावणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. अचानक मोठा आवाज झाला की मेंदूच्या बुडाशी असलेली यंत्रणा आपल्याला न विचारता पापणी मिटवते, खांदे आखडते. सेकंदाच्या विसाव्या भागात हे होऊन जातं, विचार नंतर पोचतो. त्यासाठी कुटुंबही लागत नाही आणि गोष्टही लागत नाही. मांजरानं भांडं पाडलं तरी पुरे. धास्ती मात्र वेळ घेते. ती बसवताना ध्वनिसंयोजक आवाज घालण्याआधी आवाज काढून घेतो : पंख्याची घरघर, फ्रीजचा गुणगुणाट, बाहेरची रहदारी. घराचा रोजचा आवाज बंद पडला की आपले कान आपोआप टवकारतात. आणि मग जो आवाज येतो, तो ओळखीच्या वस्तूचाच असला तर जास्त लागतो. ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये मान फिरतानाचा तो कडकड आवाज एका जुन्या चामडी पाकिटाचा आहे. आत कार्डं ठेवलेलं पाकीट माइकजवळ धरून पिळलं, बस्स. पात्रांच्या तोंडून वाफ निघते, त्यातही चलाखी नाही. सेटवर वातानुकूलन लावून ती खोली खरोखरच शून्याखाली नेली होती. सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅकेम्ब्रिज या अभिनेत्रीनं दिला. लहान मुलीच्या तोंडून एका प्रौढ बाईचा घोगरा, थकलेला आवाज येतो. पोरीच्या तोंडी आईच्या वयाचा आवाज, यातही घरच आलं.

सैतान वेगळा, समंध वेगळा

आपले बरेच दिग्दर्शक परदेशी सिनेमा उचलतात आणि क्रूसच्या जागी त्रिशूळ ठेवतात. तिथे ते फसतात, कारण पाहुणा मुळातच वेगळा आहे.

कॅथलिक समजुतीतला सैतान कधीच माणूस नव्हता. देवाविरुद्ध बंड करून खाली पडलेला तो देवदूत. ज्या घरात शिरतो त्या घराशी त्याचा रक्ताचा संबंध नसतो. १६१४ साली रोममध्ये निघालेल्या विधिग्रंथात त्याला हाकलण्याचा विधी आहे, १९९९ मध्ये त्याचं सुधारित रूप आलं, आणि बिशपच्या परवानगीशिवाय कुठल्याही पाद्र्याला तो करता येत नाही. विधीत त्याचं नाव विचारतात आणि मग एकच हुकूम : नीघ. त्याला काय हवंय हा प्रश्नच नाही. त्याच्याशी तडजोड करणं हेच पाप.

आता आपली मंडळी बघा. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधी गेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे मूलबाळ नसताना, जमीनजुमल्यात किंवा धनात जीव अडकून मेलेला माणूस. पहिली बायको वारली की काही घरांत दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची चाल होती, तिनं नव्या संसारात अडथळा आणू नये म्हणून. लग्न, बाळंतपण, वारसा, सवत. आपल्या भुतांची ही यादी म्हणजे अर्धवट राहिलेल्या नात्यांची यादी आहे. यातलं कुणीच बाहेरून आलेलं नाही. सगळे आपल्याच वंशावळीतले.

म्हणून आपला मांत्रिक किंवा देवऋषी तीन प्रश्न विचारतो : कोण आहेस? कुठला आहेस? काय हवंय? तिसऱ्या प्रश्नातच सगळी मेख आहे. मागणी ऐकली जाते, उतारा ठरतो, दहीभात, लिंबू, नारळ तिठ्यावर ठेवला जातो आणि मागे वळून न पाहता घरी यायचं असतं. कॅथलिक सिनेमा शेवटी युद्धपट होतो. आपला सिनेमा, नीट केला तर, वाटणीच्या दाव्यासारखा असतो. त्यात भाऊबंदकी असते आणि मेलेला माणूस हाही त्यातला एक वाटेकरी असतो.

हे दोन प्रकार एकत्र करणारा सिनेमा पाहायचा असेल तर २०१८ चा ‘हेरेडिटरी’. सैतान तिथे परदेशीच आहे, जुन्या मंत्रग्रंथांतलं नाव घेऊन आलेला, पण तो घरात येतो तो आजीच्या हातून. नावाचाच अर्थ ‘वंशपरंपरेनं आलेलं’. सुरुवातीला पडद्यावर आजीच्या निधनाची बातमी. पुढे एका जेवणाच्या टेबलावर आई आणि मुलगा एकमेकांना जे बोलतात, त्यात भुताचं नावही नाही, आणि अख्ख्या सिनेमात मला सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटली. मराठीत ‘लपाछपी’ (२०१७) हेच करतो. गरोदर बाई, उसाचं शेत, आणि प्रेमानं खाऊपिऊ घालणारी एक वयस्कर बाई. घाबरायचं भुताला की त्या मायेला, हे बराच वेळ कळत नाही.

अष्टमीची घागर

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. आमच्या घरी अश्विन शुद्ध अष्टमीला महालक्ष्मी असते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करतात, काजळानं डोळे काढतात, साडी नेसवून उभी करतात. संध्याकाळी घागरींना धूप दाखवला की सवाष्णी त्या दोन्ही हातांत धरून, तोंडाशी नेऊन फुंकत नाचू लागतात. ज्यांनी तो आवाज ऐकला नाही त्यांना सांगते : शंखाइतका चढा नाही, बासरीइतका गोड नाही. पोकळीतून येणारा, छातीत घुमणारा एक हुंकार असतो तो. एका वेळी सात-आठ घागरी घुमू लागल्या की आमच्या माजघरातल्या झोपाळ्याच्या कड्यासुद्धा थरथरायच्या.

मी दहा-अकरा वर्षांची होते. माझी आत्या सवाष्ण होती, पण नवऱ्याकडे नांदत नव्हती. बरीच वर्षं आमच्याकडेच होती. मोठ्या काकांशी ती कायम “दादा, तुम्ही” असंच बोलायची, तेही खाली बघून. त्या रात्री घागर फुंकता फुंकता तिच्या अंगात आलं. केस सुटले, डोळे अर्धवट मिटले. बायका हळदकुंकू घेऊन पुढे झाल्या. कुणी मुलीचं लग्न विचारलं, कुणी नोकरीचं. आणि एकाएकी ती काकांकडे वळली.

“इकडे ये,” ती म्हणाली. “माझ्या लेकीच्या पाटल्या तू गहाण टाकल्यास. दिवाळीच्या आत सोडव.”

काका हात जोडून म्हणाले, “होय, आई.”

धाकटी बहीण थोरल्या भावाला ‘तू’ म्हणाली आणि भाऊ तिला ‘आई’ म्हणाला. आवाज बदलला नव्हता, डोळे पांढरे झाले नव्हते, भिंतीवर काही चढलं नव्हतं. फक्त एक सर्वनाम बदललं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नंतर तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं आजीला विचारलं, “मी काही बोलले का गं?” आजी म्हणाली, “नाही.” भाऊबिजेला आत्याच्या हातात पाटल्या होत्या. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळे तिथल्या दिग्दर्शकाला झपाटणं दाखवायला घोगरा आवाज, शिव्या, उलट्या यांचा आधार घ्यावा लागतो. मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशी तीन दारं आहेत, आणि कोण कुठल्या दारानं येणार हे घरात जन्मापासून ठरलेलं असतं. सासऱ्यांना ‘अहो’ म्हणणारी सून जेवण वाढता वाढता शांतपणे “अरे, आणखी भात घे” म्हणाली, तर पडद्यावर रक्ताचा थेंबही लागणार नाही. हे हत्यार आपल्याकडे असताना आपले भयपट आवाज जाड करायचं यंत्र का वापरतात, हे मला कधीच समजलेलं नाही.

मग आत्याला काय झालं होतं?

ढोंग म्हणावं का? मी यावर बरीच वर्षं विचार केलाय. ढोंग नव्हतं असं मला ठामपणे वाटतं.

बराच वेळ जोरजोरानं फुंकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. त्यात तो घुमणारा आवाज, धूप, उपास, आणि आता देवी येणार ही सगळ्यांची अपेक्षा. अशा वेळी मन स्वतःपासून जरा बाजूला सरकतं. मानसशास्त्रात याला विलगीकरण म्हणतात. त्याचा सौम्य प्रकार आपण रोज अनुभवतो : रोजच्या रस्त्यानं स्कूटर चालवत घरी पोचतो आणि वाटेतला सुरसागर तलाव कधी मागे पडला ते आठवत नाही. चालवणारे आपणच होतो, पण लक्ष ठेवणारे आपण तिथे नव्हतो. आत्याचं बोलणं तिचंच होतं. बोलायला घाबरणारी आत्या तेवढी बाजूला झाली होती.

वैद्यकालाही हा फरक मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत झपाटलेपणाच्या तंद्रीची वेगळी नोंद आहे. पण रूढी-परंपरेचा भाग म्हणून समाजानं स्वीकारलेली अवस्था त्यात धरायची नाही, असंही तिथे स्पष्ट आहे. ती इच्छेविरुद्ध येत असेल, त्या माणसाला तिचा त्रास होत असेल, रोजचं जगणं अडत असेल, तर तो आजार. म्हणजे अष्टमीला वर्षातून एकदा येणारी देवी आजार नव्हे. रोज दुपारी दातखीळ बसणारी सून आजारी आहे, आणि तिला डॉक्टरकडेच न्यायला हवं.

यात उशीर किती महाग पडतो? मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून येणाऱ्या अपस्मारात, म्हणजे फिट्समध्ये, विचित्र वास, भास, अनोळखी भीती असं सगळं येऊ शकतं. २००७ मध्ये ओळखला गेलेला मेंदूदाहाचा एक प्रकार आहे. त्यात शरीराचीच प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, हल्ला करतात. तो मुख्यतः तरुण मुलींना होतो. आधी असंबद्ध बडबड, मग भास, झटके, तोंड वेडंवाकडं होणं. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याही गावात याला एकच नाव मिळालं असतं. आज वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

१९७६ साली जर्मनीत २३ वर्षांची एक विद्यार्थिनी गेली. तिला अपस्माराचं निदान झालेलं होतं. तरी दोन पाद्र्यांनी तिच्यावर ६७ वेळा सैतान काढण्याचा विधी केला. अन्नपाण्याविना ती गेली तेव्हा तिचं वजन जेमतेम ३० किलो होतं. १९७८ मध्ये कोर्टानं आईवडील आणि दोन्ही पाद्री यांना दोषी ठरवलं. या प्रकरणावर २००५ मध्ये सिनेमाही आला. तो पाहताना मला सैतानाचं काहीच वाटलं नाही. आईवडिलांनी तिच्यावर प्रेम केलं होतं, तेच डोक्यातून जात नव्हतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर. आमच्या गुजरातमध्ये असा कायदा विधानसभेनं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, साखळीनं बांधणं हा गुन्हा आहे. प्रार्थना, पूजा, नवस यांना कायदा हात लावत नाही. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. बाधा झालेल्यांना लांबलांबून तिथे आणतात. त्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसण्याची सोय केली गेली : दुआही घ्या, दवाही घ्या. मला हा मार्ग फार आवडतो. घरच्यांना तुमचं चुकलं असं न सांगता पेशंट औषधापर्यंत पोचतो. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा मोफत टेलिमानस क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, गुजरातीतही.

सिनेमात हीच वाट १९९३ सालीच चोखाळली गेली होती. ‘मणिचित्रताळु’ या मल्याळी सिनेमात जुनं घर आहे, कुलूप लावलेली खोली आहे, आणि मनोविकारतज्ज्ञ आहे, जो मांत्रिकाला हाकलत नाही, त्याला सोबत घेतो. बाईची सुटका होते ती तिच्या मनातल्या गोष्टीला तिचा शेवट मिळवून दिल्यावर. शोभना यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीतला २००७ चा ‘भूल भुलैया’ त्याच्यावरूनच घेतलेला. ‘वश’लाही सर्वोत्कृष्ट गुजराती चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातल्या मुलीच्या भूमिकेसाठी जानकी बोडीवाला यांना सहायक अभिनेत्रीचा. आईला मी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, “मिळायलाच हवा होता. पोर बापाकडे बघत होती आणि तिला बाप दिसत नव्हता.”

तिनंच स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याआधी दिलं होतं.

मला पाहायचा आहे तो सिनेमा अजून कुणी केलेला नाही. बडोद्यातला एक जुना मराठी वाडा विकायला निघालाय. तिघं भाऊ, एक पुण्याहून, एक अमेरिकेतून आलेला, आणि तिसरा इथेच राहिलेला. बिल्डरचा माणूस सहीसाठी उद्या सकाळी येणार आहे. माजघरात झोपाळा आहे, कोनाड्यात निपुत्रिक वारलेल्या चुलतआजोबांचा फोटो आहे आणि त्यांच्या वाट्याच्या खोलीचं काय झालं हे कुणी कधी विचारलेलं नाही. रात्री सगळे पंगतीला बसलेत. इथे राहिलेल्या भावाची बायको आमटी वाढत पुढे येतेय. पंचवीस वर्षं तिनं थोरल्या दिरांना मान वर करून पाहिलेलं नाही. ती त्यांच्या पानापाशी थांबते, डाव हातात तसाच, पंखा बंद पडलाय, झोपाळा हलत नाहीये, आणि ती म्हणते, “बंड्या, माझी खोली तू कुणाला विचारून विकलीस?”